मादी आपली की शेजारची? पतंगाच्या मिशांमधला निवाडा

हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा आणि हेलिकोव्हर्पा असल्टा हे जवळच्या नात्यातले दोन पतंग. आर्मिजेराची अळी म्हणजे घाटेअळी, तिलाच अमेरिकन बोंडअळीही म्हणतात. कापूस, हरभरा, तूर, टोमॅटो, मका, समोर येईल ते ती पोखरते. असल्टाची अळी चोखंदळ आहे. तंबाखू, मिरची आणि त्यांच्या कुळातली मोजकी झाडं एवढ्यावर तिचं भागतं. तंबाखूच्या शेतात दोन्ही अळ्या एकत्र सापडतात. दोघींचे पतंग रात्रीच उडतात आणि दिसायला इतके सारखे असतात की सवय नसलेल्या माणसाला ते वेगळे सांगता येत नाहीत.

अंधारात मादी नराला बोलावते ती गंधाने. पोटाच्या टोकाशी असलेली ग्रंथी बाहेर काढून ती पानावर शांत बसून राहते आणि वाऱ्यावर अत्यल्प रसायन सोडते. यालाच कामगंध किंवा फेरोमोन म्हणतात. या दोन्ही प्रजातींच्या माद्या मुख्यतः तीच दोन रसायनं सोडतात: झेड-११-हेक्झाडेसेनल आणि झेड-९-हेक्झाडेसेनल. सोयीसाठी त्यांना ‘अकरा’ आणि ‘नऊ’ म्हणू. आर्मिजेराच्या मादीच्या गंधात अकरा आणि नऊ यांचं प्रमाण साधारण ९७ : ३ असतं, असल्टाच्या मादीत ते जवळपास उलटं, साधारण ७ : ९३. दोन्ही रसायनं दोन्हीकडे आहेत आणि तरी नर चुकत नाहीत.

चुकणं परवडणारंही नाही. प्रयोगशाळेत कोंडून ठेवले तर या दोन प्रजातींचा संकर होतो, पण काही जोड्यांच्या संततीत वांझ आणि जननेंद्रियंच धड न बनलेले कीटक निघतात. आयुष्य मोजक्या रात्रींचं, त्यातली एक भलत्याच मादीमागे गेली तर नुकसान मोठं. म्हणून पतंगाच्या नराची कथा ‘केवढं तीक्ष्ण नाक’ एवढीच सांगून थांबतात तेव्हा मला ती अर्धवट वाटते. दुरून वास येणं हा कामाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा भाग म्हणजे शेजारणीच्या वासाला नकार देणं, आणि त्यासाठी नराच्या मिशांमध्ये व मेंदूत वेगळी, खास यंत्रणा आहे.

गंध तयार कसा होतो

पतंगाच्या बहुतेक कामगंधांचा कच्चा माल साधा आहे: शरीरातली मेदाम्लं. सोळा कार्बनची साखळी असलेलं पामिटिक आम्ल घ्या. एक एन्झाइम या साखळीत ठरावीक जागी दुहेरी बंध घालतं. दुसरं एन्झाइम हवं तर साखळी दोन-दोन कार्बनांनी आखूड करतं. शेवटी टोकाला अल्कोहोल, अल्डिहाइड किंवा अ‍ॅसिटेट यांपैकी एक रूप मिळतं. नावातला ११ किंवा ९ हा आकडा दुहेरी बंध कुठे आहे ते सांगतो. झेड आणि ई ही अक्षरं त्या बंधापाशी साखळी कशी वळते ते सांगतात: झेड असेल तर तिथे बाक येतो, ई असेल तर ती जवळजवळ सरळ राहते.

एवढ्या थोड्या अवजारांतून शेकडो मिश्रणं निघू शकतात. पण जवळच्या प्रजातींना ही अवजारं एकाच पूर्वजाकडून मिळालेली असतात, त्यामुळे त्यांचे गंधही एकमेकांच्या आसपासच घोटाळत राहतात. नव्या प्रजातीला अगदी नवं रसायन सापडणं दुर्मीळ. बहुधा तेच घटक कमी-जास्त होतात, एखादा गळतो किंवा एखादा वाढतो.

एक रसायन, एक प्रजाती?

मादी नरांना दुरून बोलावते हे जुनं निरीक्षण आहे. फ्रान्समधल्या झाँ-आंरी फाब्र यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोर-पतंगाच्या मादीला जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलं, तर रात्री घरात नरांची रीघ लागली. मादी घट्ट बंद काचेच्या भांड्यात ठेवली की ते तिच्याकडे फिरकत नसत, समोर दिसत असली तरी. रसायन कोणतं हे कळायला मात्र १९५९ साल उजाडलं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ बुटेनान्ट यांनी रेशीमकिड्याच्या सुमारे पाच लाख मादी पतंगांच्या ग्रंथींमधून काही मिलिग्रॅम पदार्थ वेगळा केला आणि त्याची रचना ठरवली. रेशीमकिडा निवडण्याचं कारण व्यवहारी होतं: इतक्या माद्या एकगठ्ठा दुसऱ्या कोणत्या पतंगाच्या मिळणार? त्या पदार्थाचं नाव बॉम्बिकॉल.

बॉम्बिकॉल एकटंच नराला वेडं करायला पुरतं. रेशीमकिड्याचा पाळीव नर उडत नाही, पण हा वास येताच पंख फडफडवत, डावी-उजवीकडे वळत चालू लागतो. यावरून सुरुवातीला अनेकांना वाटलं की प्रत्येक प्रजातीचं असंच एक खास रसायन असणार. पुढची वर्षं हा समज मोडण्यात गेली. बहुतेक पतंगांमध्ये दोन, तीन किंवा जास्त घटकांचं मिश्रण निघालं, आणि अर्थ असतो तो मिश्रणाच्या प्रमाणात. खुद्द रेशीमकिड्याच्या मादीतही बॉम्बिकाल नावाचा दुसरा घटक सापडला. तो नराला उत्तेजित करत नाही, उलट फडफड दाबतो. नकाराची यंत्रणा तिथेही होतीच, फक्त आधी तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं.

एका केसाच्या आत

नराच्या मिशा, म्हणजे अँटेना, भिंगाखाली पाहिल्या तर त्यांवर बारीक केसांचं दाट रान दिसतं. रेशीमकिड्याच्या नराच्या एका मिशीवर कामगंध टिपणारे असे सुमारे १७,००० लांब केस असतात. केस आतून पोकळ, द्रवाने भरलेला, आणि त्याच्या भिंतीला अतिसूक्ष्म छिद्रं. हवेतला गंधाचा रेणू केसावर आदळतो, पृष्ठभागावरून घरंगळत छिद्रात शिरतो. पण रेणू तेलकट आणि आतला द्रव पाणीदार, त्यामुळे तो एकट्याने पुढे जाऊ शकत नाही. द्रवात तरंगणारी वाहक प्रथिनं त्याला पोटात घेतात आणि चेतापेशीच्या पडद्यापर्यंत पोचवतात. तिथे ग्राही प्रथिन असतं, ज्याला रिसेप्टर म्हणतात. रेणू तिथे बसला की पडद्यातलं दार उघडतं, आयन आत शिरतात आणि पेशी मेंदूकडे विजेचा ठोका पाठवते. काम झालेल्या रेणूची विल्हेवाट लावायला एन्झाइमं टपलेलीच असतात. जुना वास रेंगाळला तर नवा कळणार नाही.

बॉम्बिकॉलचा एकच रेणू एक ठोका उमटवायला पुरतो, हे मोजून दाखवलेलं आहे. अर्थात एका ठोक्यावर नर उठून चालू लागत नाही; पेशी अधूनमधून उगाचही ठोके देत असतात. मिशांवर थोड्या वेळात काहीशे रेणू बसले की मेंदूची खात्री पटते. तरीही ही संवेदनशीलता अफाट आहे.

आता या केसातली मला सर्वांत चतुर वाटणारी गोष्ट. एका केसात बहुधा दोन किंवा तीन चेतापेशी शेजारी-शेजारी असतात आणि प्रत्येकीचं रसायन वेगळं. रेशीमकिड्याच्या केसात एक पेशी बॉम्बिकॉलची, दुसरी बॉम्बिकालची. काही पतंगांमध्ये एक पेशी आपल्या मादीच्या घटकाची आणि तिच्या खेटून दुसरी पेशी शेजारच्या प्रजातीच्या घटकाची. दोन पेशी एकाच केसात ठेवण्याचा फायदा असा की दोन रसायनं नेमकी एकाच क्षणी, एकाच जागी आली की नाही हे कळतं.

हे का महत्त्वाचं, ते वास हवेत कसा पसरतो त्यावर अवलंबून आहे. तो ढगासारखा एकसारखा पसरत नाही. नुकत्याच विझवलेल्या काडीचा धूर जसा तुटक, पिळवटलेल्या धाग्यांनी सरकतो, तसे गंधाचे धागे वाऱ्याबरोबर जातात आणि मध्ये मोकळी हवा असते. एकाच झुडपावर आपली मादी आणि परकी मादी जवळजवळ बसल्या असतील, तर दोघींचे धागे एकमेकांत गुंततात पण मिसळून जात नाहीत. नराला कळायला हवं की हा ‘नको’वाला घटक याच धाग्यातला आहे की शेजारच्या. अमेरिकेत आढळणाऱ्या हेलिकोव्हर्पा झिया या पतंगावर थॉमस बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हे तपासलं. आपल्या मादीचा गंध आणि नकाराचा घटक एकाच धाग्यात मिसळून दिले की नर अडत. तेच दोन धागे जेमतेम एक मिलिमीटर अंतराने, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या फरकाने, वेगळे आले की बरेचसे नर न बिचकता पुढे जात. आपली मादी इथेच आहे, परकीचा वास बाजूने येतोय, एवढा हिशेब उडता उडता होतो.

नर वास ‘बघत’ जात नाही

वाऱ्याच्या बोगद्यातला प्रयोग पाहिला की नराचं वागणं नीट समजतं. लांब पारदर्शक पेटी, एका टोकाकडून मंद वारा, तिथेच रबराच्या तुकड्यावर कामगंध आणि दुसऱ्या टोकाला नर. गंधाचा धागा मिशांना लागला की नर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने सरळ झेपावतो. धागा सुटला की पुढे जाणं थांबवून वाऱ्याला आडवा, डावीकडून उजवीकडे हेलकावे घेत राहतो. पुन्हा धागा लागला की पुन्हा झेप. वास कोणत्या बाजूला जास्त आहे ते चाचपत तो जात नाही. वास फक्त ‘आता पुढे’ असं सांगतो, दिशा सांगतो वारा. आणि हवेत तरंगणाऱ्या जिवाला वारा कळतो तो खालची जमीन डोळ्यांसमोरून कशी सरकते त्यावरून. केनेडी आणि मार्श यांनी १९७४ मध्ये बोगद्याच्या तळाशी पट्ट्यांचा सरकता पट्टा लावून हे दाखवलं: पट्टा हलवला की नराचा पुढे जाण्याचा वेग बदलायचा.

विशेष म्हणजे गंधाचा अखंड, एकजिनसी ढग दिला तर अनेक प्रजातींचे नर गोंधळतात आणि पुढे सरकत नाहीत. त्यांना धागे आणि मोकळी हवा आलटून-पालटून लागते. प्रत्येक धाग्यावर ‘आपला’ की ‘परका’ हा निवाडा नव्याने होतो. एका धाग्यात नकाराचा घटक आला की झेप मोडते आणि नर हेलकाव्यांवर येतो. असे धागे येतच राहिले की तो निघून जातो.

फरक नेमका कुठे असतो?

पुन्हा आर्मिजेरा आणि असल्टा. दोघांच्या नरांमध्ये अकरा आणि नऊ दोन्ही ओळखणाऱ्या पेशी आहेत. मग उलटं प्रमाण कसं कळतं?

एक भाग संख्येचा. आर्मिजेराच्या मिशीवर अकरा ओळखणारे केस बहुसंख्य असतात आणि नऊवाले थोडे. असल्टामध्ये हे उलटं, नऊवाल्यांची चलती. ज्या घटकाचा भर आपल्या मादीत, त्याच्यासाठी जास्त केस. मेंदूत शिरल्यावर प्रत्येक प्रकारच्या पेशींचे तंतू एकेका गोळ्यात गोळा होतात. या गोळ्यांना ग्लोमेरुलस म्हणतात, आणि नरांमध्ये कामगंधासाठीचे गोळे इतरांपेक्षा ठसठशीत मोठे असतात. मुख्य घटकाचा गोळा सर्वांत मोठा. कोणत्या गोळ्यात किती गडबड आहे याची तुलना करून पुढच्या पेशी प्रमाण ठरवतात.

दुसरा भाग ग्राही प्रथिनांचा, आणि तिथलं संशोधन थक्क करणारं आहे. दोन्ही प्रजातींत ओआर-१४बी नावाचं तेच ग्राही आहे. असल्टामध्ये ते नऊ ओळखतं. आर्मिजेरामध्ये ते झेड-९-टेट्राडेसेनल नावाच्या, दोन कार्बन कमी असलेल्या दुसऱ्याच रेणूकडे झुकलेलं आहे. आणि आर्मिजेरात हा रेणू जास्त झाला की आकर्षण कमी होतं. चिनी शास्त्रज्ञांच्या एका गटाने २०१७ मध्ये दोन्ही प्रथिनांचे भाग अदलाबदल करून पाहिले. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतली फक्त दोन, २३२ व्या आणि ३५५ व्या जागची, बदलली की आर्मिजेराचं ग्राही असल्टाच्या ग्राहीसारखं वागू लागलं.

ग्राहीचं वजन किती असू शकतं याचा याहून थेट पुरावा रेशीमकिड्यात मिळतो. जपानी शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये रेशीमकिड्याच्या बॉम्बिकॉल-पेशींमध्ये चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचं, म्हणजे कोबीवर्गीय पिकांवरच्या प्लुटेलाचं, एक ग्राही बसवलं. हे ग्राही ओळखतं तो रेणू म्हणजे आपला ओळखीचा अकराच. असे नर अकराच्या वासावर पंख फडफडवू लागले आणि चक्क प्लुटेलाच्या मादीशी समागमाचा प्रयत्न करू लागले. मेंदू तोच, तारा त्याच, फक्त टोकाचं एक प्रथिन वेगळं. या पेशीकडून ठोका आला म्हणजे मादी आली, एवढंच त्या मेंदूला ठाऊक.

हे वाचून ‘म्हणजे सगळं ग्राहींवरच ठरतं’ असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. युरोपीय मका खोडकिड्याने, म्हणजे ऑस्ट्रिनिया नुबिलालिसने, त्यावर पाणी ओतलं.

एकाच प्रजातीत दोन बोल्या

या खोडकिड्याचे दोन वाण आहेत, झेड आणि ई. दोघांच्या माद्या ११-टेट्राडेसेनिल अ‍ॅसिटेट हेच रसायन सोडतात. झेड वाणात त्याचं झेड रूप सुमारे ९७ टक्के, ई वाणात ई रूप सुमारे ९९ टक्के. नर आपापल्या वाणाच्या मिश्रणाकडेच जातात. न्यूयॉर्कसारख्या भागात दोन्ही वाण शेजारी राहतात आणि त्यांच्यात संकर होतो पण कमी. नवी प्रजाती फुटण्याची सुरुवात म्हणून याच्याकडे पाहिलं जातं.

मादीच्या बाजूचं जनुक २०१० मध्ये सापडलं. मेदाम्लाचं अल्कोहोल करणारं एक एन्झाइम दोन वाणांत थोडं वेगळं आहे आणि त्यामुळे झेड-ई प्रमाण पालटतं. नराच्या बाजूचं जनुक शोधताना सगळ्यांचं लक्ष साहजिकच ग्राहींवर होतं, कारण पसंतीचा धागा लिंग-गुणसूत्राकडे जात होता आणि तिथे कामगंधाच्या ग्राहींची जनुकं दाटीने आहेत. पण २०२१ मध्ये हाती आलेलं जनुक त्यांतलं नव्हतं. ‘बॅब’ नावाचं हे जनुक इतर जनुकांना चालू-बंद करणारं आहे आणि चेतासंस्थेच्या घडणीत भाग घेतं. मिशीवर काय बसतं यापेक्षा ते पुढे कुठे जोडलं जातं, हा फरक इथे निर्णायक दिसतो. त्याला पूरक निरीक्षण आधीपासून होतं: दोन्ही वाणांत मेंदूतला मोठा गोळा आपापल्या मुख्य घटकाचा असतो, म्हणजे झेड आणि ई यांच्या पेशींनी गोळ्यांच्या जागा आपसांत बदललेल्या असतात.

मादीचं जनुक एका गुणसूत्रावर, नराचं दुसऱ्यावर. इथे जुनं कोडं उभं राहतं. एखाद्या मादीचा गंध अचानक बदलला तर तिच्याकडे कोण जाणार? आणि एखाद्या नराची पसंती बदलली तर त्याला मादी कोण मिळणार? दोघांत एकाच वेळी, एकमेकांना साजेसा बदल होणं जवळपास अशक्य. मग लाखभराहून अधिक प्रजातींत एवढे वेगवेगळे गंध आले कुठून?

उत्तराचा एक तुकडा याच खोडकिड्याच्या चुलत भावंडात आहे. आशियाई मका खोडकिडा, ऑस्ट्रिनिया फर्नाकॅलिस, दुहेरी बंध १२ व्या जागी असलेली अ‍ॅसिटेटं सोडतो. ती करायला वेगळं एन्झाइम लागतं. २००२ मध्ये वेंडेल रोएलॉफ्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्या एन्झाइमचं जनुक युरोपीय खोडकिड्याकडेही आहे, पण गंध बनवण्याच्या कामात ते निजलेलं असतं. पूर्वी कधीतरी ते जागं झालं आणि मादीचा गंध एका उडीत बदलला. तशा मादीला नर कसा मिळाला असेल? युरोपीय खोडकिड्याचे नर तपासले तेव्हा आपल्या मिश्रणाला प्रतिसाद देणाऱ्यांतच थोडे असे निघाले जे आशियाई मिश्रणाकडेही उडाले. अशा रुंद पसंतीच्या मोजक्या नरांमुळे नवा गंध टिकू शकतो, आणि पुढच्या पिढ्यांत नरांची पसंती त्याच्याभोवती आवळत जाते. मादीचा गंध कडक चौकटीत, नरांची पसंती मात्र थोडी सैल, असं चित्र अनेक पतंगांत दिसतं. तेच सयुक्तिकही आहे. एक संधी हुकलेल्या नराचं नुकसान चुकीच्या वासामागे थोडं उडण्यापेक्षा जास्त होतं, जोवर तो चुकीचा वास शेजारच्या प्रजातीचा नसतो.

तोच रेणू, उलटा अर्थ

शेजारी असला की मात्र पसंती सैल राहत नाही. अमेरिकेतले हेलिओथिस व्हिरेसेन्स आणि हेलिओथिस सबफ्लेक्सा हे दोन पतंग पाहा. दोघांच्याही माद्यांत अकरा मुख्य. सबफ्लेक्साच्या मादीत त्याशिवाय नऊ, अकराचं अल्कोहोल रूप आणि काही अ‍ॅसिटेटं असतात. व्हिरेसेन्सच्या नराला अ‍ॅसिटेटाचा वास आला की तो माघार घेतो. त्यासाठी त्याच्या मिशीवर स्वतंत्र पेशी आणि मेंदूत स्वतंत्र गोळा आहे, म्हणजे स्वतःची मादी कधी सोडतच नाही अशा रसायनासाठी त्याने जागा राखून ठेवली आहे. संशोधकांनी दोन प्रजातींचा संकर आणि पुन्हा-पुन्हा पैदास करून अ‍ॅसिटेटं फारच कमी सोडणाऱ्या सबफ्लेक्सा माद्या तयार केल्या, तेव्हा व्हिरेसेन्सचे नर त्यांच्याकडे जाऊ लागले. अ‍ॅसिटेटं सबफ्लेक्साच्या माद्यांसाठी परक्या नरांना हाकलण्याचं साधनही आहेत, असा याचा अर्थ.

अकराच्या अल्कोहोलचं तर आणखी गमतीचं. सबफ्लेक्साच्या नराला ते हवंच असतं, त्यावाचून तो नीट येत नाही. आर्मिजेराच्या नराला तोच रेणू अडवतो. आणि इथे नकार परक्या प्रजातीला नाही. २०१७ मध्ये असं दिसलं की आर्मिजेराच्या पुरत्या वयात न आलेल्या माद्यांकडून हे अल्कोहोल जास्त येतं आणि ते ओळखणारं ओआर-१६ हे ग्राही नराला ‘अजून थांब’ सांगतं. क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने ते ग्राही काढून टाकलेल्या नरांनी अशा माद्यांशी समागम केला आणि त्यांची बरीच अंडी उबलीच नाहीत.

गंध हा एकच कुंपण-खांब नव्हे. उत्तर अमेरिकेतल्या कॅलोसेमिया वंशातल्या तीन प्रजाती एकमेकींच्या गंधाकडे ओढल्या जातात, पण त्यांनी दिवस वाटून घेतला आहे: एक सकाळनंतर ते दुपारी, दुसरी उन्हं कलल्यापासून तिन्हीसांजेपर्यंत, तिसरी रात्री. अगदी जवळ आल्यावर अनेक प्रजातींत नरही आपल्या केसांच्या झुपक्यातून गंध सोडतो आणि मग नाकारण्याची पाळी मादीची.

या सगळ्या बंदोबस्तात एक चोरवाटही आहे. मॅस्टोफोरा हचिन्सोनी ही कोळ्याची मादी जाळं विणत नाही. चिकट थेंब लावलेला धागा लोंबकळत ठेवते आणि पतंगांच्या माद्यांचा गंध स्वतःच सोडते. तिच्याकडे वेगवेगळ्या रसायनांच्या दोन प्रजातींचे नर येतात, एक रात्रीच्या सुरुवातीला, दुसरी उशिरा. आणि ती रात्र पुढे सरकेल तसा पहिल्या प्रजातीचा गंध कमी करते.

शेजारी बदलला की

कामगंध सापळे याच नेमकेपणावर चालतात. रबरी ल्यूरमध्ये, म्हणजे सापळ्यातल्या गंधाच्या आमिषात, योग्य प्रमाणात घटक भरले की सापळ्यात त्याच किडीचे नर येतात आणि शेतात तिची वर्दळ किती आहे ते कळतं. घटकांचं प्रमाण बिघडलं किंवा नकाराच्या रसायनाचा अंश राहून गेला, तर कीड भरपूर असूनही सापळा रिकामा राहू शकतो. ल्यूर तयार करताना शुद्धतेचा आग्रह धरतात तो यामुळेच.

पण नकार शिकला जातो तो सोबत राहणाऱ्या प्रजातीविरुद्ध. आर्मिजेरा जुन्या जगातला, म्हणजे अमेरिका खंडांबाहेरचा, झिया अमेरिका खंडांतला. लाखो वर्षं दोघांमध्ये महासागर होता आणि एकमेकांना ओळखून टाळण्याची गरजच पडली नाही. दोघांच्या माद्यांच्या गंधात अकरा भरपूर आणि नऊ थोडं, जवळपास सारखंच मिश्रण. २०१३ मध्ये आर्मिजेरा ब्राझीलमध्ये असल्याची अधिकृत नोंद झाली. त्यानंतर तिथल्या पतंगांच्या जनुकसंचांत दोघांचा संकर झाल्याचे पुरावे मिळाले, आणि आर्मिजेराकडचं पायरेथ्रॉइड कीटकनाशकं पचवणारं एक जनुक झियामध्ये शिरल्याचंही दिसलं. अशा ठिकाणी ल्यूर दोघांना वेगळं करू शकत नाही. सापळ्यात सापडलेला नर कोणता हे ठरवायला त्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात किंवा डीएनए तपासावा लागतो, आणि संकर असेल तर दुसरा मार्गच खात्रीचा.